भरतीत झाकलेला खडक



चाळीस वर्षे कीर्तनसेवा घडली. भवसागर, नाव आणि नावाडी हा दृष्टांत किती वेळा सांगितला, त्याला गणती नाही. समुद्र मात्र पाहिला नव्हता. आम्ही बुलढाणा जिल्ह्यातली माणसे. खारे पाणी पाहिले ते लोणारच्या सरोवराचे. त्याला ना भरती, ना ओहोटी. त्र्याहत्तराव्या वर्षी गळा बसला, कीर्तन सुटले, तेव्हा नातवाने मला मुरूडला नेले.

मार्गशीर्ष शुद्ध एकादशी होती. राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिरा किल्ल्याकडे शिडाच्या होड्या जातात. होडीचा तांडेल म्हणाला, "बाबा, आज एकादशी, म्हणजे भरती सव्वाआठची." हे कसे, म्हणून विचारले. तिथीला तिनाने गुणायचे नि चाराने भागायचे, की भरतीची वेळ अंदाजाने निघते. अकरा त्रिक तेहतीस, त्याचा चौथा भाग सव्वाआठ. पुढे सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची लहान भरती. माउली, आपण एकादशी उपवासासाठी मोजतो. तो तीच तिथी जीव सांभाळण्यासाठी मोजतो.

जाताना पाणी भरलेले होते. शिडात वारा भरला आणि होडी आवाज न करता निघाली. किल्ल्याच्या पायरीशी लाट होडी उचलते नि खाली सोडते; नेमक्या क्षणी पाऊल टाकावे लागते. दुपारी परतताना पाणी उतरले होते आणि सकाळी जिथे नुसते पाणी होते, तिथे काळे खडक उघडे पडले होते. आमच्या अजिंठ्याच्या डोंगरातला तोच काळा पाषाण!

तांडेलाने बोट दाखवले. "बाबा, होडी फोडतो तो हा नाही, सकाळचा. आता दिसतोय तेव्हाच ध्यानात धरायचा. भरतीत तो दिसत नाही, पण असतो तिथंच."

माउली, तिथे मला माझा खडक दिसला. बारा वर्षांपूर्वी एका सप्ताहात गजर असा रंगला, की लोक माझ्याऐवजी मृदंगाकडे पाहू लागले. मी भर कीर्तनात हात वर करून मृदंग थांबवला आणि त्या गुणी मृदंगाचार्यांना सर्वांदेखत टाकून बोललो. ते उठून गेले, ते पुन्हा माझ्या कीर्तनाला उभे राहिले नाहीत. 'त्यांना अहंकार झाला,' असे मी सांगत फिरलो. तेव्हा माझी भरती होती: आज इथे काला, उद्या तिथे निरूपण. पाण्याखाली काय आहे, हे पाहायला सवड कुणाला?

गावी परतल्यावर एसटीने त्यांच्या घरी गेलो. दारातच त्यांच्या पायांवर डोके ठेवले. ते काही बोलले नाहीत. आत गेले, खुंटीवरचा मृदंग काढला आणि सुनेला म्हणाले, "थोडी कणीक भिजव." धुमेला कणीक लावून त्यांनी थाप मारली. माझ्या फाटक्या गळ्यातून जेमतेम 'विठ्ठल विठ्ठल' निघाले.

भवसागराचा दृष्टांत मी अर्धाच सांगत आलो. नावाडी पार नेतो, हे खरेच. पण तोही ओहोटीत खडक पाहून ठेवतो. वय झाले, मान गेला, बोलावणी थांबली, म्हणून खंत करू नका. पाणी उतरले आहे, तोवर आपला खडक पाहून घ्या.