या वर्षी कोयता नाही

बारावी झाली, आता पुढं काय? आमच्या शिरूर कासारकडं याचं उत्तर ठरलेलंच: मुकादमाकडून उचल घ्यायची नि दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघायचं. मी मात्र नर्सरीत लागलोय. बंगल्यांच्या बागा करायच्या, लॉन लावायचं.

आज नर्सरीतल्या काकांनी रोपाची पिशवी ब्लेडनं चिरायला शिकवलं. मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटला की रोप मान टाकतं. झाडांचं कौतुक आमच्याकडंही आहे: बीडजवळ पालवणला २०२० मध्ये वृक्षसंमेलन भरलं होतं. अध्यक्ष कोण, तर वडाचं झाड! मला झाडांत धंदाही दिसतो. फक्त आमच्याकडं उन्हाळ्यात पाण्याची बोंब, म्हणून लॉन मागणाऱ्यालाही मी कडुनिंब, बोगनवेल सुचवणार.

संध्याकाळी मुकादम येऊन गेला. आई म्हणाली, “पोराचं नाव धरू नका.”