जाळ आधी, धूर मागून

सूर्याकडे कसे बघावे हे कोल्हापूरकराला कुणी शिकवायला लागत नाही. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मावळतीची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात आणि अंबाबाईच्या चरणांपासून वर चढत तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात. या किरणोत्सवाच्या दिवसांत गावातला प्रत्येक माणूस खगोलशास्त्रज्ञ होतो. "आज गुडघ्यापर्यंतच आली." "छे हो, कमरेला लागलीवती, मी सोता बघितलं!" असे शास्त्रार्थ मिसळीच्या कटाबरोबर रंगतात. ढग आला की सगळे गाव हळहळते, आणि ढग नसूनही किरणे अडली की कुणाची गच्ची मध्ये आली यावर तालमीत चर्चा होते.

तेव्हा आम्ही सूर्याच्या मागे लागलो यात नवल काही नाही. आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. पेन्शनीतून त्यांनी एक छोटी दुर्बीण घेतली आहे. लोक रात्री तारे बघतात, मास्तर दिवसा सूर्य बघतात. कारण विचारले तर म्हणाले, "रात्री जागरण सोसत नाही."

अर्थात दुर्बिणीला डोळा लावून सूर्य बघायचा नसतो. तसे केले तर तो आयुष्यातला शेवटचा सूर्य ठरेल. मास्तर दुर्बिणीच्या मागे पांढरा कागद धरतात आणि त्यावर सूर्याची बशीएवढी प्रतिमा पाडतात. त्या बशीवर काळे ठिपके दिसतात, ते सौरडाग. मे २०२४ मध्ये असाच एक डागांचा पुंजका सूर्यावर उगवला. पृथ्वीच्या सुमारे पंधरा पट रुंद! ग्रहणाचा चष्मा लावला तर दुर्बिणीशिवाय दिसे. ७ मेला आमचे मतदान झाले होते. माझ्या बोटावर शाईचा डाग आणि सूर्याच्या अंगावर हा डाग. मी मास्तरांना म्हटले, "यातला आधी कुठला जाणार?" मास्तर म्हणाले, "सूर्याचा. तो स्वतःभोवती फिरतोय, दोन आठवड्यांत पलीकडे जाईल. तुमची शाई सरकारी आहे."

हे सारे गच्चीवर चालले होते आणि गच्चीवर कुरडया वाळत होत्या. आमची ही वर आली, कागदावरचा सूर्य तिने बघितला आणि म्हणाली, "अहो, सूर्य बघून झाला असंल तर जरा कावळ्यांकडंबी बघा." दोन सुशिक्षित पुरुष गच्चीवर असून कावळे कुरडया नेतात, हा शोध त्या दिवशी आमच्यापेक्षा तिला महत्त्वाचा वाटला.

आता या डागांचे इतके काय, असे तुम्ही विचाराल. मीही विचारले. मास्तरांनी सांगितले ते असे. डाग म्हणजे सूर्याच्या चुंबकत्वाच्या गाठी. सूर्याचा वायू सतत घुसळत असतो, त्यामुळे चुंबकीय रेषा पतंगाच्या मांज्यासारख्या गुंततात, पिळतात, आणि पीळ सोसेना झाला की तुटून पुन्हा वेगळ्याच ठिकाणी जुळतात. त्या क्षणी साठलेली सगळी शक्ती भसकन बाहेर पडते. एक तर प्रखर प्रकाश फुटतो, क्ष-किरण आणि अतिनील किरण उसळतात. ही सौरज्वाला. दुसरे, कधीकधी सूर्य आपल्या अंगावरचा तप्त, विद्युतभारित वायूचा मोठा लोळ चुंबकत्वासकट फेकून देतो. वजन अब्जावधी टन, वेग सेकंदाला काहीशे ते दोन-तीन हजार किलोमीटर. याचे पुस्तकी नाव इतके लांब आहे की आमच्या पासबुकाच्या एका ओळीत मावणार नाही, म्हणून आपण लोळच म्हणू.

मी म्हटले, "म्हणजे मास्तर, जाळ अन् धूर संगटच!"

"तिथंच घोळ आहे," मास्तर म्हणाले. "कोल्हापुरात संगट. सूर्याचा जाळ सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर येतो, कारण तो प्रकाश आहे. धूर मागनं येतो, एक ते तीन दिवसांनी. कधी नुसताच जाळ, कधी नुसताच धूर."

मला हे फौरन कळले. जाळ म्हणजे पाहुणे येत असल्याचा फोन, आणि धूर म्हणजे साक्षात पाहुणे. काही पाहुणे फोन करतात आणि येत नाहीत, काही फोन न करताच येतात.

ज्वालांची प्रतवारीही असते. ए, बी, सी, एम आणि एक्स. प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. आमच्या खात्यात पायऱ्या चढायला पंधरा-पंधरा वर्षे लागतात, सूर्य एका दुपारीत सी चा एक्स होतो. शिवाय साधारण अकरा वर्षांनी त्याला जोर चढतो, पुन्हा तो थंडावतो. सध्याच्या फेरीतला जोराचा काळ आल्याचे शास्त्रज्ञांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले.

त्या मे महिन्यातल्या पुंजक्याने एकामागून एक लोळ पृथ्वीकडे सोडले आणि १० मेच्या रात्री, म्हणजे ऐन अक्षय्य तृतीयेला, ते येऊन थडकले. २००३ नंतरचे सर्वांत मोठे चुंबकीय वादळ. लडाखात हान्लेच्या आकाशात तांबडा ध्रुवीय प्रकाश दिसला. पण बँकेच्या दृष्टीने सूर्याचे टायमिंग चुकले. शुक्रवारची रात्र, पुढे दुसरा शनिवार, मग रविवार. एवढे वादळ सगळे सुटीत वाया गेले. सोमवारी ते बरेचसे ओसरले आणि त्याच दिवशी आमच्या शाखेची लिंक गेली. आमच्या हेड कॅशियरांनी पेपर वाचलेला होता. रांगेतल्या पेन्शनर आजोबांना त्यांनी गंभीरपणे सांगितले, "सूर्यावर वादळ झालंय, आमचा इलाज नाही." आजोबा म्हणाले, "सूर्य बिचारा रोज वेळेवर उगवतोय बाबा. तुझी लिंकच तेवढी उगवंना."

गंमत सोडून द्या, पण १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज अशाच वादळाने घालवली होती. दीड मिनिटात सगळी यंत्रणा कोसळली आणि साठ लाख माणसे नऊ तास अंधारात बसली. भारनियमनात वाढलेल्या माणसाला नऊ तासांचे काय, पण त्यांना सवय नव्हती.

धूर कुठून निघतो, तर सूर्याच्या प्रभामंडलातून. इंग्रजीत त्याला कोरोना म्हणतात. मास्तरांनी हा शब्द उच्चारला तेव्हा माझा हात आपोआप खिशातल्या रुमालाकडे गेला. हा कोरोना पूर्वी खग्रास ग्रहणाखेरीज दिसत नसे. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला नॉर्मन लॉकियर साहेब लवाजम्यानिशी आपल्या विजयदुर्गावर आले होते. तिथले 'साहेबाचे ओटे' आपण सहलीला जाऊन बघतो आणि तिथेच हेलियमचा शोध लागला असे ऐकून येतो. खरे म्हणजे लॉकियरना ती पिवळी रेषा १८६८ साली इंग्लंडात घरबसल्या, ग्रहणाशिवायच दिसली होती. पण हे विजयदुर्गावर उभे राहून बोलू नये. परतीच्या गाडीत बोलावे.

आता ग्रहणाची वाट बघायला नको. २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून आदित्य-एल१ निघाले आणि ६ जानेवारी २०२४ ला आपल्या जागी पोचले. त्यातली एक दुर्बीण स्वतःच तबकडी आड धरून कायमचे ग्रहण लावून बसली आहे. दुसरी, 'सूट' नावाची, पुण्याच्या आयुकाच्या पुढाकाराने झाली आहे. ती अतिनील प्रकाशात अख्ख्या सूर्याचे फोटो काढते. २२ फेब्रुवारी २०२४ ची एक्स ६.३ ची ज्वाला तिने टिपली. आदित्य बसले आहे ते पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर सूर्याच्या बाजूला. का? तर धूर आपल्यावर येण्याआधी त्याच्यावरून जातो. इन्स्पेक्शनचे साहेब अलीकडच्या शाखेतून निघाले की तिथला माणूस आपल्याला हळूच फोन करतो ना, तसे. मग साधारण अर्धा-पाऊण तास मिळतो. तेवढ्यात टेबल आवरता येते. धुराच्या चुंबकत्वाची दिशाही तिथेच कळते. आमच्याकडे सही जुळली तर खाते उघडते. पृथ्वीच्या चुंबकाचे मात्र उलटे. धुराची दिशा तिच्या विरुद्ध असली तरच दार उघडते आणि वादळ आत शिरते.

पण या सगळ्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो मुंबईतला एक माणूस. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन आमच्या मास्तरांसारखीच सूर्याची प्रतिमा पाडून डाग काढत होते. अचानक डागांपाशी दोन पांढरे ठिणगे चमकले आणि पाचेक मिनिटांत विझले. माणसाने पाहिलेली ही पहिली सौरज्वाला. सतरा-अठरा तासांनी धूर पृथ्वीवर आला. अमेरिकेत तारयंत्रे बॅटऱ्या काढल्यावरही चालू लागली. इंग्लंडात चुंबकाची हालचाल फोटोच्या कागदावर आपोआप उतरवणारी आधुनिक यंत्रे होती. ठिपका कागदाबाहेरच गेला! यंत्राने हात टेकले.

मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत असले यंत्र नव्हते. तिथे माणूस होता. चुंबकाची सुई डोळ्याने वाचायची आणि वहीत लिहायची, एरवी तासातासाला, वादळात पंधरा नाहीतर पाच मिनिटांनी. २ सप्टेंबरला सकाळी, अगदी कचेरीच्या वेळेत, सुई वेड्यासारखी खाली गेली. याने लिहिले. आणखी खाली गेली. हाही लिहीत गेला. सोळाशे नॅनोटेस्लांची घसरण! सूर्यावर काय झाले ते त्याला ठाऊक असायचे कारण नव्हते. आकडा पटत नाही म्हणून त्याने तो 'बरा' केला नाही, आणि जेवायची वेळ होत आली म्हणून दोन वाचने एकदम भरली नाहीत.

ती वही पडून राहिली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि सुया बिघडणार म्हणून वेधशाळेचे चुंबकीय काम अलिबागला गेले. १९०४ पासून, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत, ते आजही चालू आहे. आणि २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांनी ती कुलाब्याची नोंद घेऊन जगापुढे मांडली, तेव्हा त्या अतिप्रचंड वादळाचा हिशेब लागला. एकशे चव्वेचाळीस वर्षांनी खाते जुळले! आज उपग्रह आणि वीजकंपन्या 'असे पुन्हा झाले तर' म्हणून जे आराखडे करतात, त्यांच्या मुळाशी ते आकडे आहेत. गंमत म्हणजे आदित्य निघाले तीही तारीख २ सप्टेंबरच.

आमची मुलगी कॉम्प्युटर शिकते. "बाबा, तुमचं काम आता मशीनच करतंय, उगीच कशाला बसता खाली मान घालून?" असे ती अधूनमधून विचारते. पूर्वी माझ्याकडे उत्तर नव्हते. आता मी तिला कुलाब्याची गोष्ट सांगतो. ती ऐकून घेते आणि म्हणते, "पण तुमच्या व्हाउचरांवर सूर्याचं काय असतंय?"

काही नसते. पण १८५९ च्या त्या वहीत काय आहे हे तरी २००३ पर्यंत कुणाला माहीत होते? आमच्या रेकॉर्ड रूममधल्या गठ्ठ्यांना मी हल्ली जरा जपून दोरी बांधतो. १४४ वर्षांनी कोण उघडील सांगता येत नाही. तोवर झुरळांनी ठेवले म्हणजे झाले.