याडी आणि गाडी

आर्णीच्या आसपासच्या तांड्यांवर हिंडून आमच्या दिवंगत सरांनी बंजारा गीते जमवली होती. वह्या उरल्या नाहीत. उरली ती एक फाइल, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकित केलेली. नव्या संगणकावर ती उघडली तेव्हा देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक पसारा दिसला.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. रूपांतराचा एक मुक्तस्रोत प्रोग्राम हाती आला; पण तो लिनक्सवर कंपाइल करावा लागणार होता आणि घरच्या एकुलत्या विंडोज संगणकाशी खेळण्याचे धाडस नव्हते. म्हणून व्हर्च्युअलबॉक्स घेऊन त्याच संगणकाच्या पोटात दुसरा, आभासी संगणक उभारला : २ जीबी मेमरी, २० जीबी डिस्क, त्यावर डेबियन, मग जीसीसी आणि मेक. कल्पना जुनीच, आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० आणले तेव्हाही एका यंत्रात अनेक यंत्रे नांदत होती. मूळ फाइल सामायिक फोल्डरमध्ये केवळ वाचण्यापुरती खुली ठेवली. प्रत्येक टप्प्यावर स्नॅपशॉट घेतला, म्हणजे बिघडले तर मागच्या अवस्थेत परतता यावे. मूळ पोथीला हात न लावता नकलेवर काम करण्याची पाठचिकित्सेची शिस्त आम्हांला इथे अनपेक्षितपणे भेटली.

जुना फॉन्ट डोळ्यांना दिसते त्या क्रमाने लिहितो : पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर. युनिकोड उच्चाराचा क्रम मानतो. ही अदलाबदल साधली आणि गीते वाचता येऊ लागली. मग आमच्यातला शुद्धलेखनाचा शिक्षक जागा झाला. अनोळखी शब्द मराठी कोशातल्या जवळच्या शब्दाने बदलावा, असा नियम आम्ही प्रोग्राममध्ये घातला.

छापील प्रत तांड्यावरच्या एका विद्यार्थिनीने वाचली आणि ती एका ओळीवर अडखळली. 'याडी' म्हणजे आई. आमच्या नियमाने तिची 'गाडी' केली होती. गीत लदेणीचे, म्हणून आम्हांला ते खटकले नाही. वास्तविक लदेणी बैलांच्या पाठीवरून चाले, हे आम्ही वर्गात शिकवत आलो होतो.

स्नॅपशॉटवरून यंत्र काही मिनिटांत नियमाच्या आधीच्या अवस्थेत गेले. मूळ फाइल शाबूत होती; रूपांतर पुन्हा केले. आमच्या सवयीचा स्नॅपशॉट मात्र नव्हता. आता अनोळखी शब्द आला की आम्ही त्याखाली रेघ मारतो आणि विचारायला तांड्यावर जातो.