पेरुंगुडीतली करंट वंडी

चेन्नईत विजेला 'करंट' म्हणतात आणि गाडीला 'वंडी'. त्यामुळे पेरुंगुडीत तुम्ही इलेक्ट्रिक कार आणलीत की सोसायटीचा वॉचमन तिला 'करंट वंडी' म्हणणार आणि लगेच विचारणार, "सार, चार्जिंग कुठे करणार?" नातेवाईक मात्र फोनवर एकच विचारतात, "एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते?" इथे राहून आम्हाला पटलंय की वॉचमनअण्णांचा प्रश्नच जास्त महत्त्वाचा आहे.

आधी पेरुंगुडी कशी आहे ते सांगते. कागदोपत्री राजीव गांधी सालै, पण सगळ्यांच्या तोंडी ओएमआर, म्हणजे जुना महाबलीपुरम रस्ता. रस्त्यालगत आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती, मधोमध मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचं काम, आणि मागच्या अंगाला पळ्ळिकरणैची दलदल. अंतरं लहान, पण वेळ भरपूर लागतो. अशा रस्त्यावर ही गाडी सुखाची वाटते. क्लच नाही, गिअर नाही, सिग्नलला उभं राहिलं तर इंजिनाची घरघर नाही. वेग कमी करताना थोडी वीज परत बॅटरीत जाते. उभ्या गाडीत वीज खातो तो मुख्यतः एसी, आणि मे महिन्यातल्या 'कत्तिरी' उन्हात तो बंद ठेवायचं धाडस कुणी करत नाही.

आता चार्जिंग. त्यासाठी फार मोठं यंत्र लागतंच असं नाही. गिझरला लागतो तसा 15 अँपिअरचा पॉइंट पुरतो. त्यातून तासाला साधारण 3 युनिट मिळतात, म्हणजे 30 युनिटची बॅटरी रिकामी असली तर दहा तास. रात्री लावा, सकाळी काढा. खरी खटपट असते ती तुमच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत वायर नेण्याची. घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करायला केंद्र सरकारच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी मोकळीक दिली आहे, पण वायर सगळ्यांच्या भिंतीवरून जाते. म्हणून असोसिएशनच्या बैठकीत आधी बोला, वेगळा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग करून घ्या. सोसायटीच्या सामाईक मीटरवर गाडी लावू नका. पैशांपेक्षा शेजार महाग पडतो!

बिलाचं गणितही महाराष्ट्रापेक्षा वेगळं आहे. तमिळनाडूत घरगुती बिल दोन महिन्यांनी येतं आणि त्यातले पहिले 100 युनिट मोफत असतात. लहान इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये साधारण 6-7 किलोमीटर जाते. महिन्याला 1000 किलोमीटर फिरलात तर दोन महिन्यांत सुमारे 300 युनिट वाढतात. वापर वाढला की दरही चढतो, त्यामुळे हिशोब करताना पहिल्या टप्प्याचा दर धरू नका. तरीही पेट्रोलच्या मानाने खर्च बराच कमी राहतो.

आणि आता पाऊस. आपल्याकडे जून-जुलैत छत्र्या निघतात, इथे मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात. पळ्ळिकरणैची दलदल दक्षिण चेन्नईचं पाणी पोटात घेते. 2022 मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, पण तिच्या भोवती आणि तिच्यावर वस्ती केव्हाच चढली आहे. डिसेंबर 2023 च्या मिचाँग वादळात या पट्ट्यात पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात गेल्या आणि काही भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. ऑक्टोबर 2024 मध्ये नुसता अंदाज ऐकूनच लोकांनी वेळचेरीच्या उड्डाणपुलावर गाड्या नेऊन लावल्या.

इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीवर 'आयपी 67' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ती तग धरेल. रात्रभर तुंबलेल्या पाण्याची ती हमी नव्हे. म्हणून पेरुंगुडीत चार नियम पाळावेत. चार्जिंग पॉइंट छातीच्या उंचीवर बसवा. वादळाचा इशारा आला की गाडी पूर्ण चार्ज करा, कारण नंतर 'करंट इल्लै' हेच ऐकू येणार. मग ती उंच जागी हलवा. आणि गाडी बुडालीच, तर सुरू करू नका, चार्जिंगलाही लावू नका. सर्व्हिस सेंटरला उचलून न्यायला सांगा. काही गाड्यांतून बाहेरही वीज घेता येते. तशी सोय असेल तर अंधाराच्या रात्री आजोबांचा पंखा आणि सगळ्यांचे फोन चालतात.

हिंडण्याची काळजी करू नका. मामल्लपुरम सुमारे 45 किलोमीटर, संध्याकाळी जाऊन या. पुदुच्चेरी 140 च्या आसपास, तिथे जेवण होईपर्यंत गाडीचंही पोट भरून घ्या. तंजावरला जायचं तर वाटेत एकदा थांबावं लागेल, पण बृहदीश्वराच्या देवळातला सरफोजीराजांचा मराठी शिलालेख मुलांना दाखवायचा तर तेवढं थांबायला काय हरकत आहे?

तेव्हा शोरूममध्ये रंग निवडण्याआधी एक काम करा. भर पावसात आपल्याच पार्किंगमध्ये उतरा, पाणी कुठवर चढतं ते बघा आणि वॉचमनअण्णांना विचारा, मागच्या वादळात कुठवर आलं होतं. त्यांना ती खूण नक्की माहीत असते. पॉइंट तिच्या वर बसवा आणि मग खुशाल गाडी बुक करा.