पुसायची राहिलेली पाटी

ज्या भाषेत आपण रोज व्यवहार करतो तिचे कानेकोपरे आपणांस ठाऊक आहेत, असा प्रत्येकाचा समज असतो. आमचाही होता. आमची ती भाषा म्हणजे संगणकाची पायथॉन. गिडो व्हॅन रॉसम ह्या डच गृहस्थांनी १९९१ साली ती जगापुढे ठेवली. नाव सर्पाचे वाटले, तरी ते घेतले आहे 'मॉन्टी पायथॉन' ह्या इंग्रज विनोदी मंडळीवरून! तिच्या अशा खुब्या मित्रांस ऐकवण्यात आम्हांस मोठी मौज वाटे. 'फॉर'च्या फेऱ्यांना 'एल्स'चे शेपूट जोडता येते, आणि मध्येच 'ब्रेक' न लागता साऱ्या फेऱ्या पुऱ्या झाल्या तरच ते चालते, हे ऐकून जाणतेही क्षणभर थबकत.

आळीतल्या वाचनालयाकरिता आम्ही एक प्रोग्राम लिहून दिला. वाचकाचे नाव घालावे आणि त्याच्याकडे थकलेल्या पुस्तकांची यादी मिळावी, एवढेच त्याचे काम. एका वाचकावर परीक्षा घेऊन आम्ही निश्चिंत झालो. पहिल्या दिवशी दोघांस पत्रे गेली. दुसरे होते एका निवृत्त शिक्षकांस, अकरा पुस्तकांचे.

"मजकडे दोनच आहेत," ते शांतपणे म्हणाले.

"यंत्र चुकत नाही, गुरुजी!" आम्ही उत्तरलो.

त्या दिवसापासून वाचनालयातील त्यांची संध्याकाळची खुर्ची रिकामी राहू लागली.

दोष आठ दिवसांनी सापडला. यादी दिली नसल्यास कोरी यादी घ्यावी, असे आम्ही फंक्शनच्या पहिल्या ओळीतच लिहिले होते. ती दर खेपेस नवी मिळते, ही आमची समजूत. वस्तुतः पायथॉन ती एकदाच, फंक्शनची व्याख्या होताना, तयार करते. पुढे प्रत्येक खेपेस तीच हाती येते. पहिल्या वाचकाची नऊ पुस्तके अशी गुरुजींच्या माथी बसली होती. पहिल्या ओळीत 'काही नाही' अशा अर्थाचा 'नन' शब्द ठेवून कोरी यादी आत निर्माण केली, की काम भागते.

आम्ही क्षमा मागावयास त्यांच्या घरी गेलो. सारे ऐकून गुरुजी हसले.

"म्हणजे पाटी एकच होती, आणि पुसायची राहिली. शाळेत असे पुष्कळदा होई. पण मुलाला चूक म्हणण्याआधी मी पाटी पाहत असे."

परतताना आम्हांस ते 'एल्स'चे शेपूट आठवले. सबंध शोध पुरा झाल्यावरच त्याची पाळी येते, हे आम्ही जगाला सांगत होतो. गुरुजींच्या बाबतीत मात्र एकही फेरी न घालता आम्ही निकाल देऊन बसलो होतो.