दादीसकट सगळे पाण्यात

नाताळच्या सुट्टीत समुद्रावर जायचे, हे आमच्या घरी सहामाही परीक्षा संपली की ठरते. गेल्या वर्षी एका मोठ्या रिसॉर्टमध्ये गेलो होतो. तिथल्या तलावावर आमच्या चौदा वर्षांच्या मुलीला अडवले. तिचा अंगभर पोशाख पोहण्याच्याच कापडाचा होता, तरी "नियमात बसत नाही" म्हणाले. ती काठावर पाय सोडून धाकट्या भावाचे कपडे सांभाळत बसली. यंदा सुट्टीचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही जा, मी दादीजवळ थांबते." त्या एका वाक्याने आमचा बेत बदलला. यंदा दादीलाही घ्यायचे आणि कुणी काठावर बसणार नाही, अशी जागा शोधायची.

शोधता शोधता मालदीवला पोहोचलो. मालदीव म्हटले की पाण्यावरच्या लाकडी खोल्या डोळ्यांसमोर येतात. नाताळच्या आठवड्यात त्यांचे भाडे आमच्या ऐपतीबाहेरचे. वर अनेक रिसॉर्ट 24 आणि 31 डिसेंबरच्या मेजवानीचे पैसे सक्तीने घेतात. पण या देशातल्या सुमारे 1,200 बेटांपैकी दोनशेहून थोड्या कमी बेटांवर लोकांची वस्ती आहे. पूर्वी पर्यटक फक्त रिसॉर्टच्या बेटांवर राहायचे. 2009 नंतर वस्तीच्या बेटांवरही गेस्टहाऊस निघाली. तिथे दारू मिळत नाही, जेवण हलाल असते, मशीद चालत जाण्याच्या अंतरावर असते. आम्ही माफुशी बेट निवडले.

मुंबईहून विमानाने अडीच-तीन तासांत माले, तिथून स्पीडबोटीने माफुशी. घड्याळ अर्धा तास मागे करावे लागले. गेस्टहाऊसच्या दारात सलाम झाला आणि अम्मींच्या चेहऱ्यावरचा परकेपणा गेला. दुकानांच्या पाट्यांवरची थाना लिपी उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे जाते. धाकट्याने ती वाचायचा खूप प्रयत्न केला, एक अक्षर लागले नाही!

नाश्त्याला मास हुनी आली. बारीक केलेला टूना मासा, ओले खोबरे, कांदा, मिरची आणि लिंबू, सोबत रोशी म्हणजे आपली पातळ चपातीच. अम्मींनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्याच घरचं!" नारळ, काथ्या, सुकी मासळी, सगळे कोकणातलेच वाटते. आपण 'कवडीमोल' म्हणतो, त्या कवड्याही एके काळी इथूनच बंगालपर्यंत चलन म्हणून जात. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे काझी होता, तेव्हा तख्तावर सुलताना खदीजा होत्या. हे ऐकून मुलीने दोनदा विचारले, "खरंच बाई राज्य करत होती?"

माफुशीत परदेशी पाहुण्यांच्या पोहण्याच्या कपड्यांसाठी वेगळा, आडोसा केलेला किनारा आहे. बेटावरची कुटुंबे दुसरीकडे उतरतात. संध्याकाळी तिथे गेलो, तर बायका-मुली अंगभर कपड्यांत, ओढणीसकट पाण्यात. कुणी कुणाकडे वळूनही पाहत नव्हते. मुलगी थोडा वेळ उभी राहिली. आम्ही काहीच बोललो नाही. मग एका लहान मुलीने तिच्या अंगावर पाणी उडवले आणि ती हसत आत शिरली. मगरिबच्या अजानपर्यंत बाहेर आली नाही. तिच्यामागून अम्मीही साडी सावरत गुडघाभर पाण्यात गेल्या.

25 तारखेला मुलांच्या हट्टापायी एका रिसॉर्ट बेटाची दिवसभराची सहल केली. तिथे दिव्यांनी सजवलेले झाड होते, मुलांना गोड खाऊ मिळाला. जेवण वाढणारा तरुण केरळचा ख्रिस्ती निघाला. सण असून घरी का नाही, असे अम्मींनी विचारले. तो म्हणाला, "हाच तर आमचा कामाचा आठवडा." आमचे अब्बा जहाजावर होते. त्यांच्या कितीतरी ईदा समुद्रावरच गेल्या. अम्मींनी पिशवीतून घरच्या नानखटाईचा डबा काढून त्याच्या हातात दिला आणि सणाच्या शुभेच्छा दिल्या. आपली सुट्टी ज्यांच्या सणावर उभी असते, त्यांची आठवण आम्हाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा झाली.

परतताना मालेची हुकुरू मिस्की पाहिली. 1658 साली प्रवाळाच्या दगडांत बांधलेली ही जुनी जामा मशीद. तिच्या भिंती किब्ल्याच्या दिशेला नाहीत, म्हणून आत सफा तिरक्या अंथरलेल्या आहेत. भिंती न पाडता लोकांनी आपली दिशा सांभाळली, हे आम्हाला फार आवडले.

जाणाऱ्यांसाठी थोडे. भारतीयांना व्हिसा तिथे पोहोचल्यावर मिळतो. परतीचे तिकीट आणि राहण्याचे बुकिंग जवळ ठेवा. प्रवासाआधीच्या 96 तासांत ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. शुक्रवारी अनेक सरकारी फेरीबोटी बंद असतात, त्या दिवशी बेटे बदलण्याचा बेत ठेवू नका. बुकिंग करण्यापूर्वी मेजवानीची सक्ती आहे का आणि पोहण्याच्या पोशाखाचा नियम काय, हे दोन प्रश्न लेखी विचारा. आम्ही गेल्या वर्षी विचारले नव्हते.

घरी आल्यावर मुलीने ओला पोशाख गॅलरीत वाळत घातला आणि विचारले, "पुढच्या नाताळात कुठे जायचं?"