एकाच पोत्याचे तीन भाव

एकाच वस्तूचे दोन गिऱ्हाइकांकडून दोन भाव घेतले, की आपण लगेच म्हणतो, "लुबाडले!" पण दर वेळी ते खरे असतेच असे नाही. मार्च २०२३ पासून एस. टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे. देवरीहून गोंदियाला नवराबायको एकाच बाकावर बसून येतात, पैसे मात्र वेगवेगळे देतात. नवरा त्यावरून कंडक्टरशी भांडत नाही, कारण सवलत कोणाला आहे हे सर्वांना ठाऊक आहे. शिवाय बायकोच्या तिकिटावर दुसऱ्या पुरुषाला प्रवासही करता येत नाही.

आपल्या धानाच्या मुलखात असेच मोठे उदाहरण युरियाचे आहे. ४५ किलोचे पोते शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. प्लायवुडचा डिंक करणाऱ्या कारखान्याला मात्र युरिया कितीतरी पट महाग घ्यावा लागतो. नत्र दोन्हीत तेच, शेकडा ४६. आपल्या पोत्यामागची उरलेली रक्कम सरकार खत कंपनीला अनुदान म्हणून देते. लहान शेतकऱ्याला खत परवडावे आणि धान्य आवाक्यात राहावे, हा त्यामागचा हेतू.

पण पोते म्हणजे तिकीट नव्हे. ते रातोरात गाडीत भरून दुसरीकडे नेता येते. धुरा फुटला की वरच्या बांधीचे पाणी खालच्या बांधीत जायचेच, तसा स्वस्त माल महाग बाजाराकडे धावतो. म्हणून २०१५ साली युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला. त्याने नत्र सावकाश सुटते, आणि कारखान्याला तो युरिया सहज वापरता येत नाही. २०१८ पर्यंत दुकानांत अंगठ्याचे यंत्रही आले. तरी गळती पूर्ण थांबलेली नाही. आणि रोवणीनंतर फुटवे येण्याच्या दिवसांतच खताची ओढ पडली, की आपल्याला तिसरा भाव भेटतो.

हा तिसरा भाव गावोगाव फिरताना मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. मोठ्या शेतकऱ्याची पोती छापील भावात घरपोच जातात. त्याच दुकानात एकरभर धान लावणारी बाई उधारीवर पोते मागते, तेव्हा तिला पन्नास रुपये जास्त पडतात आणि वर नको असलेली एखादी बाटली घ्यावी लागते. अशाच एकीला मी म्हटले, "पावती मागा, बाई." ती म्हणाली, "साहेब, पावती मागितली तर पुढच्या साली उधार कोण देईल?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. छापील भावापेक्षा जास्त घेणे आणि युरियासोबत दुसरा माल गळ्यात मारणे, दोन्ही नियमाविरुद्ध आहे. पण नियम उधार देत नाही. सरकारने दुबळ्यासाठी भाव उतरवला आणि दुकानात तो दुबळ्यासाठीच चढला, असा हा उलटा न्याय!

यावर उपाय उधारीतून सुटण्याचा आहे. ज्यांच्या नावे सातबारा आहे त्यांनी पीककर्ज उचलावे. वेळेवर फेडणाऱ्याला ३ लाख रुपयांपर्यंत ते बिनव्याजी पडते. ठेक्याने शेती करणाऱ्यांना ते मिळणे कठीण जाते. त्यांच्या घरच्या बायकांनी बचत गटातून खताचे पैसे उन्हाळ्यातच बाजूला काढावेत, आणि चौघी-पाचजणींनी मिळून दुकानात जावे. एकटीला पावती नाकारणे सोपे असते, पाचजणींना नाही. तरीही कोणी नाकारलीच, तर पंचायत समितीत किंवा तालुका कृषी कार्यालयात लेखी तक्रार द्यावी.

भाव दोन असले म्हणून बिघडत नाही. दुकानदार तो भाव पावतीवर लिहून द्यायला तयार आहे का, एवढे पाहावे. एस. टी.चे अर्धे तिकीट छापलेले असते. उधारीचे पन्नास रुपये कुठेच लिहिलेले नसतात.